गृहप्रवेशाला नेलेली बादली

लताबाई पगारे कधी ओरडत नसत. महापालिकेच्या शाळेत त्यांनी तीसेक वर्षं शिकवलं, पण छडीला हात लावला नाही. पोरानं काही उपद्व्याप केला, की बाई खडू खाली ठेवायच्या, चष्मा पुसायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "ऊठ. काय केलंस ते सगळ्या वर्गाला सांग." बस्स. तो सांगेपर्यंत बाई बसायच्या नाहीत आणि वर्ग हलायचा नाही. मग मधली सुट्टी गेली तरी बेहत्तर. सातपुरात आज टक्कल पडलेले, पोट सुटलेले कितीतरी फिटर आणि सुपरवायझर आहेत, जे भाजीबाजारात बाई दिसल्या की अजून गाडीचा वेग कमी करतात.

अशा बाईंच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी असावी, हे पाहुण्यांच्या पचनी पडत नसे. नाशिकला गोदावरी आहे, धरणं आहेत, पण समुद्राशी आपला संबंध काय तो बोंबलापुरता. हा नाद मुळात त्यांच्या मुलाचा, हर्षलचा. त्याला बंगळूरला नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला, "आई, टाकी कुणाला तरी देऊन टाक." त्याच वर्षी पगारे सर गेले होते आणि घर खायला उठत होतं. बाईंनी टाकी दिली नाही. शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कसं कालवायचं, खारटपणा काचेच्या नळीनं कसा मोजायचा, पाणी किती आणि कधी बदलायचं, सगळं त्या शिकल्या. हर्षलचे रंगीत मासे एकेक करून गेले. उरली सोनी.

सोनी म्हणजे ईल. आपल्या नदीत वाम मिळते ना, तिचीच समुद्रातली चुलत बहीण समजा. हातभर लांब, पांढऱ्या अंगावर काळी नक्षी, मधूनमधून पिवळे ठिपके. तोंडाची सारखी उघडझाप करायची, म्हणून पाहुणे दचकायचे. "चावत नाही हो, श्वास घेतेय," बाई सांगायच्या. नळ दुरुस्तीवाल्याकडून आणलेल्या पांढऱ्या पाइपच्या तुकड्यात ती राहायची. बाईंनी चिमटा काचेवर टकटक वाजवला, की डोकं बाहेर काढायची आणि चिमट्यातली कोळंबी हळूच, अगदी पाहुणीसारखी संकोचून घ्यायची. सकाळची वंदना आटोपली की बाई खुर्ची टाकीसमोर ओढायच्या आणि सोनीला पेपर वाचून दाखवायच्या. हे मात्र त्यांनी कॉलनीत कुणाला कळू दिलं नव्हतं.

आता जयराम अहिरे. हे विहार समितीचे अध्यक्ष, कारखान्यातून निवृत्त झालेले. जयरामभाऊंना दोन गोष्टींची भारी हौस, मासे आणि माइक. त्यांच्याही घरी खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि तिच्याबद्दल ते विहारात, लग्नात, एकदा तर शोकसभेतसुद्धा बोलले होते. मनानं वाईट होते असं नाही. पण चारचौघांत आपली मान उंच राहावी यासाठी माणूस काय काय करतो, त्यातलं सगळं ते करत.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी बाईंच्या घरी खीर होती. महिला मंडळ, समितीची माणसं, शेजारीपाजारी, हॉल भरला होता. जयरामभाऊ आले ते हातात झाकणाची बादली घेऊन. आत सोनीपेक्षा चांगली वीतभर मोठी, तशीच नक्षीची ईल.

"बाई, तुमची सोनी एकटी असते. एकटा जीव कंटाळतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हा घ्या तिला जोडीदार. एकदम माणसाळलेला आहे. जोडीनं सुखी राहतो. सरळ सोडा पाण्यात, काही लागत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या मनात मात्र खट्कन काहीतरी झालं. नवीन पोरगं वर्गात आलं की त्याला पहिल्या दिवशी दादा पोराच्या बाकावर बसवायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ईलचंही तसंच. आधी मध्ये भोकांची जाळीदार पाटी घालायची, म्हणजे वास कळतो, चेहरा दिसतो, पण दात पोचत नाही. मग दगडांची जागा बदलायची, म्हणजे कुणाचाच जुना हक्क राहत नाही. मगच पाटी काढायची. पण इतक्या माणसांसमोर, पौर्णिमेच्या दिवशी, अध्यक्षांनी दिलेली भेट घेऊन "थांबा, मला आधी पाटी आणू द्या" असं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. त्यांनी बादली कलंडवली. पुन्हा टाळ्या झाल्या.

त्याचं नाव बाईंनी नंतर वाघ्या ठेवलं, ते कौतुकानं नव्हे.

सकाळी सोनीच्या शेपटीचा लचका निघालेला होता आणि तिच्या पाइपमध्ये वाघ्या बसला होता. बाई कामाला लागल्या. सगळे दगड उपसून नव्यानं रचले. दोन्ही तोंडं उघडी असलेले चार पाइप टाकले, म्हणजे एकानं हुसकलं तर दुसरीकडून निसटता यावं. दोघांना एकाच वेळी दोन टोकांना कोळंबी दिली, पोटभर दिली. वाघ्या कोळंबी टाकून सोनीच्या मागे लागला. मग बाई रिक्षा करून एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेल्या. त्यांचा जुना विद्यार्थी योगेश तिथे होता. प्लॅस्टिकची जाड पाटी टाकीच्या मापानं कापून, भोकं पाडून उद्या संध्याकाळी घरपोच देतो, म्हणाला. बाईंना तेवढा उद्याचा दिवस हवा होता.

सोनीनं तेवढी वाट बघितली नाही. टाकीच्या झाकणाला फिल्टरची नळी जाते तिथे दोन बोटांची फट होती. बाई सकाळी झाडायला गेल्या तर चपलांच्या मांडणीमागे सोनी पडलेली, सुकलेली, अंगाला सगळी धूळ चिकटलेली. पाण्यात राहण्यापेक्षा तिला कोरडी फरशी बरी वाटली होती. बाईंनी तिला ओंजळीत उचललं, नळाखाली धुतलं आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. माणूस गेलं की घरात बसायला जागा उरत नाही. ईल गेली म्हणून कोण येणार? योगेश संध्याकाळी पाटी घेऊन आला तेव्हा बाईंनी त्याला चहा दिला, पाटी वॉशिंग मशीनमागे उभी करून ठेवली आणि दार लावून घेतलं.

जयरामभाऊंचा फोन आला. "असं होतं बाई. निसर्ग आहे तो," ते म्हणाले.

बाईंनी स्वतःलाच दोष दिला. वाघ्यावर राग होता, पण मुका जीव तो, त्याच्याशी काय भांडणार? पावसाळाभर त्या जळत राहिल्या त्या स्वतःवरच. मग वर्षावासातल्या एका रविवारी विहाराच्या मागच्या पडवीत बायका लसूण सोलत बसल्या होत्या. जयरामभाऊंच्या पत्नी नवसाबाई बाईंच्या शेजारी होत्या. साधी, भोळी बाई, पोटात काही राहत नाही.

"तुमच्याकडं आता नीट राहतो ना हो तो?" नवसाबाईंनी हळूच विचारलं. "आमच्याकडं तर लय ताप दिला. आमचा काळा होता ना, तोही वामेसारखाच, त्याला दोन दिवसांत संपवला मेल्यानं. ह्यांना वाटलं, टाकून कसा द्यायचा. मग म्हणाले, पगारे बाईंना देऊ, त्यांना जमतं."

बाईंच्या हातातली लसणाची पाकळी तिथेच राहिली. म्हणजे माहीत होतं. बादली घेऊन दारात उभा राहिला, "जोडीनं सुखी राहतो" म्हणाला, टाळ्या घेतल्या, खीर दोनदा मागून घेतली, आणि त्याला माहीत होतं.

"ह्यांना नका सांगू हं मी बोलले म्हणून," नवसाबाई म्हणाल्या.

"नाही सांगत," बाई म्हणाल्या आणि पुढची पाकळी सोलायला घेतली. दिलेला शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती, आणि हा शब्द मोडायची गरजही नव्हती. हे नवसाबाईंच्या तोंडून ऐकून भागणारच नव्हतं. ज्यानं केलं त्यानंच उठून सांगायला हवं होतं, सगळ्या वर्गाला.

त्या दिवसापासून बाईंच्या घरात एक थंड, नेटका सूड राहायला आला. बाई स्वयंपाक करत होत्या, बँकेत जात होत्या, हर्षलशी फोनवर हसत होत्या आणि आतून रोज धार लावत होत्या. वाघ्याला त्यांनी कोळणीला देऊन टाकलं नाही. उलट त्याला शिस्त लावली. टकटक झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही. झडप घालायची नाही. झडप घातली की चिमटा वर, कोळंबी गायब. वाघ्या शिकला. बाईंना त्याचंही वैषम्य वाटायचं, कारण तो सोनीच्याच पाइपमधून डोकं काढायचा. "खा मुडद्या," त्या म्हणायच्या. "तुझं काम अजून बाकी आहे."

ते काम काय, हे दिवाळीनंतर समजलं. जयरामभाऊंनी पाथर्डी फाट्याकडे नवा फ्लॅट घेतला होता. गृहप्रवेशाचं निमंत्रण समितीच्या ग्रुपवर आलं आणि त्याच्याखाली एक फोटो. पाच फुटी टाकी, निळा दिवा, आणि पाइपमधून डोकावणारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोवळी ईल. खाली भाऊंनी लिहिलं होतं, "आमचा नवा सदस्य, झेब्रा." मग रोज झेब्राचे फोटो. झेब्रा जेवतोय. झेब्रा झोपलाय. झेब्रानं भाऊंच्या बोटाला नाक लावलं. बाईंनी प्रत्येक फोटोला अंगठा दिला.

आणि वाघ्याचं खाणं बंद केलं. आठवडाभर. वाघ्या संध्याकाळी आपणहून डोकं बाहेर काढून बघायचा. बाई समोर खुर्चीत हाताची घडी घालून बसायच्या. दोन ईल भांडू नयेत म्हणून काय काय करायचं, हे बाईंना पाठ होतं. तेच सगळं उलटं केलं की झालं. पोट रिकामं ठेवायचं. मध्ये पाटी घालायची नाही. दगड हलवायचे नाहीत. राहायला एकच पाइप ठेवायचा, आणि भाऊंच्या फोटोत तो एकच दिसत होता.

सकाळच्या वंदनेत पहिलंच शील येतं, जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. त्या आठवड्यात बाई ते भराभर म्हणून टाकायच्या. मी कुठे कुणाला मारतेय, त्या स्वतःला सांगायच्या. मिळालेली भेट परत करतेय.

गृहप्रवेशाला बाई पांढरी साडी नेसून रिक्षानं गेल्या. पायांमध्ये बादली, तिच्यावर पांढराशुभ्र रुमाल, झाकणात हवेचा छोटा पंप. शिवाय एक भली मोठी पिशवी. पाटी वॉशिंग मशीनमागेच राहिली होती, आणि ती विसरून राहिली नव्हती.

वंदना झाली, परित्राण पाठ झाला, भंतेजी आतल्या खोलीत भोजनाला बसले. हॉलमध्ये सगळी कॉलनी उतरली होती. चांदवडहून जयरामभाऊंचे चुलते, पुंजा आबा, आले होते आणि सोफ्यावर मांडी घालून बसले होते. सूनबाई संजना मोबाइलवर सगळं टिपत होती. भेटी देणं सुरू झालं. घड्याळं, मूर्ती, मिक्सर. बाईंनी बादली टीपॉयवर ठेवली आणि रुमाल काढला.

"जयरामभाऊ, जय भीम. तुम्ही मला जोडीदार दिला होता. माझ्याकडे तो एकटा पडलाय. तुमचा झेब्राही एकटा. म्हटलं, जोडी लावावी." बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

टाळ्या पडल्या. संजना मोबाइल घेऊन पुढे आली. पुंजा आबांनी मान लांब केली. "आरं, ही तं वाम हाय! हिचा रस्सा लय भारी होतो." सगळे हसले. जयरामभाऊंनी बादलीत पाहिलं आणि त्यांचं हसणं ओठांवरच वाळलं.

"बाई, कशाला उगाच... जागा कमी पडेल हो," ते म्हणाले.

"पाच फुटी आहे ना टाकी? आत्ताच तर सगळ्यांना सांगत होतात."

"तसं नाही. पाण्याचा फरक असतो. तुमचं पाणी वेगळं, माझं..."

बाईंनी पिशवीतून खारटपणा मोजायची नळी काढली. बादलीत बुडवून भाऊंच्या हातात दिली, मग टाकीतलं पाणी घेऊन पुन्हा दिली. दोन्हीकडे आकडा एकच. लोक कौतुकानं "वा, बाई!" म्हणाले.

"झेब्रा अजून लहान आहे," भाऊंच्या कपाळावर घाम आला होता. "बिचकेल तो."

"कशाला बिचकेल? एकदम माणसाळलेला आहे. जोडीनं सुखी राहतो. सरळ सोडा पाण्यात, काही लागत नाही." बाईंनी एकेक शब्द जसाच्या तसा परत केला. भाऊंनी झटकन मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. स्वयंपाकघराच्या दारात नवसाबाई हातातलं ताट घट्ट धरून उभ्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"घे की रं जयराम," पुंजा आबा म्हणाले. "भेटीला कुणी नाय म्हणतं का? वंगाळ दिसतं."

"घ्या भाऊ! सोडा भाऊ!" हॉल म्हणू लागला. बाईंनी टाकीचं झाकण सरकवलं. खाली एकुलत्या एक पाइपमधून झेब्रा बाहेर बघत होता, तोंडाची उघडझाप करत. बाईंनी बादली उचलून काठाला टेकवली. वाघ्या आत गरागरा फिरत होता. बादली तिरकी झाली, पाण्याची एक धार टाकीत पडली.

"नको!" जयरामभाऊ ओरडले. त्यांनी दोन्ही हातांनी बादलीचा काठ धरला. "नको बाई, पाया पडतो. मारून टाकेल तो त्याला! माझ्याकडचा काळा मारला होता त्यानं. दोन दिवसांत फाडला. मला माहीतय, नका सोडू."

संजनाचा मोबाइल हळूहळू खाली आला.

बाईंनी बादली सरळ केली, टीपॉयवर ठेवली, चष्मा काढला आणि पदरानं पुसला. या क्षणाची त्यांनी किती महिने वाट पाहिली होती. त्यांना वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की छातीतला दगड उतरेल. तो उतरला नाही. उलट नव्यानं कळ आली, कारण ते वाक्य इतकं सोपं निघालं. एका दमात बोलून झालं.

"म्हणजे बोलता येतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रथमच फाटला. "आज स्वतःच्या जिवावर आलं तर बोललात. हेच वाक्य पौर्णिमेला माझ्या हॉलमध्ये बोलला असता, तर माझी सोनी आज जिवंत असती. चपलांच्या मागे सापडली मला ती. धूळ चिकटली होती तिला. आणि तुम्ही म्हणालात, निसर्ग आहे."

जयरामभाऊंनी खाली बघत टाकीचं झाकण ओढून घेतलं. पुंजा आबांनी सोफ्यावरून पाय खाली सोडले. "चुकलं तुझं, जयराम," ते म्हणाले. कॉलनी हे विसरणार नव्हती. पुढच्या सभेत, पुढच्या लग्नात, भाऊंनी माशांचा विषय काढला की लोक एकमेकांकडे बघणार होते. बाईंनी बादलीवर झाकण लावलं, रुमाल घातला आणि जेवायला न थांबता निघाल्या. नवसाबाई दारापर्यंत आल्या आणि खिरीचा डबा त्यांच्या पिशवीत ठेवून गेल्या.

रिक्षात बादली पायांमध्ये होती. सिग्नलला थांबल्यावर बाईंना बादलीवरचे आपले हात दिसले. भाऊ ओरडले नसते तर? त्यांना उत्तर ठाऊक होतं. बादली पूर्ण कलंडली असती. झेब्राचा काय गुन्हा होता? सोनीचा जेवढा, तेवढाच. या विचारानं त्यांचा भाऊंवरचा राग कमी झाला नाही, एवढंच की त्या रागाच्या शेजारी आता त्यांना स्वतःलाही उभं करावं लागलं.

घरी आल्यावर त्यांनी वाघ्याला टाकीत सोडलं. तो सरळ सोनीच्या पाइपमध्ये गेला. बाई साडी न बदलताच मागे गेल्या, वॉशिंग मशीनमागची पाटी काढली, पुसली आणि टाकीशेजारी समोर दिसेल अशी ठेवली. मग फ्रीजमधली कोळंबी सोलली आणि चिमट्यानं काचेवर टकटक केलं.

वाघ्या बाहेर आला. बारीक झाला होता. आठवडाभराच्या उपाशी जिवानं खरं तर चिमट्यासकट बोट फाडायला हवं होतं. तो थांबला, कोळंबीचा वास घेतला आणि शिकवलं होतं तसं हळूच, संकोचून तिचं टोक धरलं.

बाई तशाच उभ्या राहून रडल्या, सोनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

"तुला माफ केलेलं नाही," त्या नाक ओढत त्याला म्हणाल्या. "त्यालाही नाही." आणि त्यांनी दुसरी कोळंबी चिमट्यात धरली.